पाच वर्षांची एक दुपार

हे पाचही फोटो एकाच दुपारी काढलेत ना? — नाही, राहू द्या, उत्तर देऊ नका. मी विचारलं म्हणून तुम्हाला खोटं बोलावं लागेल आणि मग आपण दोघंही उगीच खाली बघत बसू. फाइल ठेवा इथं काउंटरवर. थांबा, हा कप बाजूला घेते. मघाशी आलात तेव्हा म्हणालात, वडील तीन महिने परदेशात, माझ्या बहिणीकडे जाणार आहेत, व्हिसाची फाइल लावून द्या, आणि वर म्हणालात, ‘नात्याचा पुरावा म्हणून फोटो जोडलेत बाई, पाच वर्षांचे पाच’ — किती सरळ चेहऱ्याने म्हणालात. मी पंधरा वर्षं हेच करते, दादा. फोटो हातात आला की मी आधी माणसं बघतच नाही, मागचं टेबल बघते. हे बघा. मागे लिहिलंय पहिलं वर्ष — टेबलावर केळी, सहा. दुसरं वर्ष — वडिलांनी शर्ट बदलला, बहिणीने केस बांधले, केळी पाच. तिसऱ्या वर्षीही पाच. चौथ्या वर्षी चार केळी आणि ताटलीत दोन सालं. म्हणजे चार वर्षांत तुमच्या घरात दोन केळी खाल्ली. पाचव्या वर्षी टेबलच नाही, तोवर कोणीतरी शहाणं झालेलं दिसतंय. — हसा, हसा. मलाही आधी हसूच येतं. मग राग येतो.

बहीण आली होती कधी खरं? — गेल्या वर्षी. एकदाच. हं. आणि बाहेर बाकावर बसलेत ते वडील ना, राखाडी स्वेटरचे? ते मघाशी आत येऊन अर्जाचा फोटो काढून गेले तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात, तुम्ही पाहिलं नाही. तो कोट बघा, खिळ्यावरचा. दुकानाच्या मालकांनी आणला तेव्हा तो काळा होता. फोटोत माणूस भारदस्त दिसला पाहिजे, परदेशात जाऊन परत येण्याच्या लायकीचा दिसला पाहिजे, म्हणून जो येईल त्याला तो घालायचा. दिवसाला पंधरा-वीस माणसं. ती कॉलर चकाकते ना, ती कापडाची चमक नाही, मानेचा मळ आहे — हजार लोकांच्या मानेचा. दर शनिवारी मी ओल्या फडक्याने पुसते, फडकं काळं होतं, कॉलर आहे तशीच. तुमच्या वडिलांनी कोट चढवला आणि मान अशी पुढे काढली, कासवासारखी, कॉलर लागू नये म्हणून. फोटो झाल्यावर कोट काढून, झटकून, होता तसा खिळ्याला लावला आणि मला म्हणाले, ‘त्रास दिला तुम्हाला.’ मला इतकी लाज वाटली. आणि त्याच माणसाला तुम्ही एका दुपारी पाच शर्ट बदलायला लावले असणार. बघा ना त्यांचा चेहरा, पाचही फोटोंत. सगळ्यांत सारखाच दिसतो — कपाटाच्या आड शर्ट बदलून आलेल्या माणसासारखा.

रागावू नका. मालक जेवायला गेलेत, अर्धा तास यायचे नाहीत, म्हणून बोलते. ते असते तर फोटो ठेवून घेतले असते, वर म्हणाले असते, अजून दोन-तीन आणा. त्यांची रीत सांगते तुम्हाला. फाइल पुरी झाली की ते ती अशी तळहातावर घेतात, डोळे मिटतात, वर-खाली करतात — भाजी तोलल्यासारखी — आणि म्हणतात, ‘हलकी आहे, अजून थोडं घाला.’ काय घाला? काहीही घाला. पासपोर्टच्या कोऱ्या पानांच्या झेरॉक्स घाला. शेजाऱ्याचं चांगल्या वागणुकीचं पत्र घाला. त्यांचं म्हणणं, साहेब लोक काही वाचत नसतात, जाडी बघतात. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. पातळ फाइल बाहेर गेली की मला अपुरं अपुरं वाटायचं, लेकराला कमी कपड्यात थंडीत पाठवल्यासारखं. — पिना संपल्या वाटतं. थांबा, या ड्रॉवरमध्ये असतील. — ती? ती पाकिटं जुनी आहेत, फोटोंचीच आहेत, तुमच्या कामाची नाहीत. हं, सापडल्या पिना.

आणि या सगळ्याच्या वर एक पत्र लागतं. मी परत येईन, आणि का येईन. ते मी लिहिते. नमुना आहे, ‘माझी पाळंमुळं इथे घट्ट आहेत’ असा सुरू होतो, फक्त माणूस बदलायचा. एकदा एक आजी आल्या होत्या, नातवाला बघायला जायचं होतं. मी विचारलं, आजी, तुम्ही परत का येणार? त्या म्हणाल्या, ‘का येणार म्हणजे? माझं घर आहे इथं.’ मी म्हटलं, तेवढं पुरत नाही. बघा तुम्ही — मी जेमतेम शाळेपुरतं शिकून या खुर्चीवर बसलेली बाई, आणि ऐंशीला टेकलेल्या बाईला सांगते की तुमचं घर आहे हे पुरत नाही, दुसरं काहीतरी कारण द्या. त्या बिचाऱ्या विचार करत बसल्या, त्याच बाकावर. मग म्हणाल्या, ‘मांजर आहे.’ मी मांजर लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं. त्यांच्यापाशी तेवढंच खरं होतं. मी आपलं पाळंमुळं लिहिलं. आणि एक गृहस्थ आले होते, त्यांनी आईच्या आजारपणाचा दाखला पुढे केला आणि म्हणाले, ‘बरं झालं आई अंथरुणाला खिळली आहे, परत येण्याचा भक्कम पुरावा झाला.’ बरं झालं. याच शब्दांत. मी तो दाखला घेतला, त्याची झेरॉक्स काढली, पिन मारली. हात धुऊन आले, पण काय धुणार? हे बोट बघा, शिक्क्याची शाई. आता कातडीच झाली ती.

शिक्के कसले म्हणता? त्या पत्र्याच्या डब्यात अकरा शिक्के आहेत. कंपन्यांचे. यातली एकही कंपनी कुठे नाही, पण त्यांच्याकडे शेकडो लोक नोकरीला आहेत आणि सगळ्यांना रजा मंजूर झालेली आहे. मी नाही मारत ते, मालक मारतात. — नाही, आता बोलायलाच बसले आहे तर खरं सांगते, मालक नसतील तेव्हा मी मारते. मारायचे. दोन वर्षं झाली, त्या डब्याला हात लावला नाही, बोटावरचा डाग तेवढा राहिला. मालकांना सांगितलं, मनगट दुखतं. त्यांना ते पटलं, कारण मनगट दुखतंच.

दोन वर्षांपूर्वी काय झालं? — तेच सांगते आहे. एक बाई होत्या. आमच्याच गिऱ्हाईक समजा. त्यांची मुलगी तिकडे, लग्न होऊन सहा वर्षं झालेली, नवरा रात्रपाळीचा. मुलीचं आधी एकदा पोटातलं गेलेलं, चौथ्या महिन्यात. आता पुन्हा दिवस गेले तर डॉक्टरने सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. फोन करून ती आईला म्हणायची, ‘तू नुसती ये. काही करू नकोस, नुसती खोलीत बसून राहा.’ एवढंच मागणं होतं. नुसतं बसायला कोणीतरी. या बाई कधी विमान जवळून न पाहिलेल्या, पण त्यांनी चाकांची बॅग आणली आणि रोज संध्याकाळी जिन्याबाहेरच्या बोळात ती ओढायचा सराव करायच्या — रिकामी बॅग, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेजारी हसायचे. त्या म्हणायच्या, ‘हसा, तिथं गेल्यावर चाक अडकलं तर तुम्ही येणार आहात का सोडवायला?’ फाइल माझ्याकडे आली. कागद म्हणाल तर स्वच्छ. मुलीचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव. मुलीचं पत्र. तिच्या डॉक्टरचं पत्र. जायची तारीख, यायची तारीख. सगळं खरं, एकूण एक कागद खरा. आणि पातळ. एवढीशी. मी ती तळहातावर घेतली, आणि काय सांगू तुम्हाला, मीसुद्धा डोळे मिटले.

माझ्याकडे फोटो तयार होते. त्याच्या आदल्या वर्षी ती मुलगी आली होती ना, दहा दिवस, तेव्हा जायच्या दिवशी मीच म्हटलं होतं, पुढेमागे लागतील, आत्ताच काढून ठेवू. ही माझी हुशारी. घरच्यांना मी ओळीने कपडे बदलायला लावले. आणि मी काही केळी विसरणारी बाई नाही — घड्याळ भिंतीवरून उतरवलं, दिनदर्शिका काढली, पडदे बदलले, खुर्चीची दिशा बदलली, एका फोटोला मुलीला केस ओले करून बसवलं. मुलगी कंटाळली, म्हणाली, ‘मावशी, मला आईजवळ अर्धा तास बसू दे गं, गाडी येईल आता.’ मी म्हटलं, बस की, फोटोत बसलीच आहेस. अशी बोलले मी. ताई नेहमीसारखी मध्ये पडली, म्हणाली, ‘ऐक तिचं, तिला कामाचं कळतं —’

हो. मावशी म्हणाले मी, आणि ताईही. — माझीच बहीण, दुसरं कोण असणार. सख्खी, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, ताईनेच मला वाढवलं. तुम्ही पाणी घेणार का? नको? मी घेते.

आता एका पट्टीचं ऐका. त्या दिवशी सकाळी, मुलगी निघणार म्हणून घाईघाईत, ताईने कांदा चिरताना बोट कापून घेतलं. डावा हात, मधलं बोट. घरात औषधाची पट्टी नव्हती म्हणून मी जुन्या हिरव्या चादरीची चिंधी फाडली आणि बांधली. गाठ मारताना दोन कान काढते मी, सशासारखे. बुटाच्या नाडीची गाठ अशीच शिकवली होती तिने मला. तर पाच फोटोंत पाच कपडे, पाच पडदे, आणि पाचही फोटोंत मुलीच्या खांद्यावर ताईचा डावा हात, आणि त्या हातावर हिरवी चिंधी, दोन कानांची. मी घड्याळ काढलं, दिनदर्शिका काढली, पण पट्टी मला दिसली नाही. मीच बांधलेली, म्हणून दिसली नाही. परक्या बाईचा हात असता तर पहिल्या फोटोलाच दिसली असती. फोटो मी फाइलीत लावले, मागे वर्षं लिहिली, फाइल पुन्हा हातावर घेतली. वजन आलं होतं. मालक म्हणाले, ‘घरचं काम म्हणून मन लावून केलंस.’ आणि दादा, मला बरं वाटलं होतं तेव्हा.

नकार आला. पत्र दुकानाच्या पत्त्यावर येतं, म्हणून मी एकटीनेच वाचलं. त्यांच्या भाषेतलं, पण ती कचेरीची भाषा आता मला येते. लिहिलं होतं — जन्मदाखल्यावरून नातं सिद्ध होतं, त्याबद्दल शंका नाही. ऐकलंत ना, शंका नाही. पातळ फाइल पुरली असती. मग खाली लिहिलं होतं की पाच निरनिराळ्या वर्षांतले म्हणून दिलेल्या फोटोंत अर्जदाराच्या एकाच बोटावर एकच पट्टी, एकाच गाठीची दिसते. सबब हा फसवणुकीचा प्रयत्न आहे. सबब अर्जदाराला दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. अर्जदाराला. म्हणजे ताईला. तिने काय केलं होतं? मी सांगितलं तिथे बसली, मी सांगितलं तिथे हात ठेवला, सही करायला सांगितली तिथे सही केली. एकसष्ट वर्षांची होती. त्यात दहा मिळवा. जिने उभ्या जन्मात कुणाचं भांडंसुद्धा दोन दिवसांच्या वर ठेवून घेतलं नाही, तिच्या नावापुढे कुठेतरी त्यांच्या यंत्रात आता फसवणूक लिहिलेलं आहे, आणि ते माझं अक्षर आहे. पाच फोटोंच्या मागे पाच वर्षं मी वेगवेगळ्या पेनांनी लिहिली होती हो. वेगवेगळ्या पेनांनी. एवढं डोकं चालवलं होतं मी.

संध्याकाळी ताई आली. तुम्ही उभे आहात ना, तिथेच उभी होती. चष्मा आणला नव्हता, आणि आणला असता तरी ती भाषा तिला येत नाही. म्हणाली, ‘वाच.’ मी पत्र हातात धरलं, उलगडलं, नीट सरळ केलं आणि वाचलं. ‘या खेपेच्या जागा भरल्या आहेत. आपले कागद उत्तम आहेत. काही काळाने पुन्हा प्रयत्न करावा.’ थांबत थांबत वाचलं, भाषांतर करावं लागतंय असं दाखवून. आणि नजर त्या ओळींवरून फिरवत होते, खऱ्या ओळींवरून, बोट ठेवून. ‘पट्टी’ लिहिलं होतं त्यावर बोट ठेवून मी म्हटलं, उत्तम आहेत. — माझ्याकडे असं बघू नका. मला माहीत आहे. इतका वेळ तुमच्या केळ्यांवर बोलत होते आणि मी स्वतः काय केलं होतं ते मला माहीत आहे. तुमचे फोटो बघून राग आला ना मघाशी, तो तुमच्यावर नव्हता.

ताई म्हणाली, ‘जागा भरल्या तर कोण काय करणार. तू किती राबलीस.’ माझा गाल असा चाचपला आणि गेली. मुलीला तिनेच फोन केला, जागा भरल्या म्हणून. मुलीनेही ऐकून घेतलं, मावशी कामातली आहे, मावशी बघते आहे. बाळंतपण तिने एकटीने काढलं. शेवटचे तीन महिने शेजारची एक परकी बाई किल्ली घेऊन ठेवायची आणि दिवसातून दोनदा दार उघडून बघायची, ही आहे ना म्हणून. झालं, मुलगा झाला, धडधाकट आहे, दोन वर्षांचा होईल आता. दर रविवारी तो फोन हातात घेतो आणि उलटा धरतो, त्यामुळे ताई अर्धा तास त्यांच्या घराचं छत बघत बसते. परवा मला म्हणाली, ‘त्यांच्या छताला कोपऱ्यात ओल आली आहे, सांगायला पाहिजे तिला.’ बॅग अजून बोळाच्या दाराशी उभी आहे. तिच्यावर ती वाळलेले कपडे ठेवते.

तर ते जाऊ द्या. तुमचं बघू. — नाही, मालक यायच्या आत आटपू या. तुमच्या फाइलीत खालून हे काय निघालं? बहिणीचं शाळेचं प्रगतिपुस्तक. हे का टाकलंत तळाला, चुकून आलं? — ‘वडिलांनी आग्रह धरला, पण त्याचा काय उपयोग.’ उपयोग सांगते. उघडा. पहिली इयत्ता, पालकाची सही. दुसरी, सही. प्रत्येक परीक्षेला सही, दहावीपर्यंत. आधी बघा कशी ठसठशीत आहे, आणि इथे सातवीत थरथरली — काय झालं होतं? अर्धांगवायू? उजवा हात गेला होता? — आणि मग आठवीपासून डाव्या हाताची सही, लहान मुलासारखी, वाकडी, पण आहे. एक परीक्षा सुटलेली नाही. आणि हे तुम्ही तळाला टाकलंत आणि केळी वर लावलीत. दादा, जगात कुणी एका दुपारी बसून हे करून दाखवावं. मला पंधरा वर्षं झाली, मला नाही जमणार.

मी सांगते तसं करा. जन्मदाखला वर. मग बहिणीचं पत्र — हे नको, हे तुम्ही नमुन्यावरून लिहून घेतलंय, तिला सांगा, स्वतःच्या शब्दांत लिही, बाबांना का बोलावते आहेस, चार ओळी असल्या तरी चालतील. मग प्रगतिपुस्तक, सगळी पानं. आणि परत येण्याचं पत्र मी नाही लिहीत, बाहेर जाऊन वडिलांनाच विचारा, बाबा, तुम्ही परत का येणार. ते जे म्हणतील तेच लिहू. मांजर म्हणाले तर मांजर. — पातळ होईल? होऊ द्या. — नाकारली तर? नाकारतीलही, मी काही ग्वाही देत नाही, मी कोण देणार. पण नुसती नाकारली तर पुढच्या महिन्यात पुन्हा भरता येते. वडिलांचं वय किती? त्र्याहत्तर. मग त्यात दहा मिळवा आणि ठरवा तुमचं तुम्ही. फोटोच हवे असतील तर रस्त्यापलीकडे आमच्यासारखंच दुकान आहे, ते ठेवून घेतील, वर आणखी मागतील. हे घ्या तुमचे फोटो. पाच आहेत, मोजून घ्या. — फाडू नका, इथे नको, केराची टोपली माझीच आहे. बरं, फाडा.

ते बघा, वडील उठले. दार ढकलावं की नाही असं करताहेत. जा तुम्ही, त्यांना आधी काहीतरी खायला घाला, चारनंतर या दोघं. — काय म्हणालात? — नाही. ताईला सांगितलं नाही. दोन वर्षं झाली, नाही सांगितलं. — ड्रॉवरमधली ती पाकिटं? तुमचं लक्ष आहे हो फार. ताईचीच आहेत. अर्जाचा फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही ना, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी ती कोट न घालता फोटो काढून घेते आणि मला आणून देते, विचारत काही नाही, नुसती देते. पाच झाली. ओळीने लावली तर केस पिकत गेलेले दिसतात, डावा डोळा बारीक होत गेलेला दिसतो. एकही फोटो खोटा नाही त्यातला. कधी कधी मला वाटतं तिला सगळं कळलंय, आणि कधी वाटतं नाही, आणि दोन्हींतलं काय वाईट ते मला ठरवता येत नाही. — पहिलं पाकीट कधीचं? ते पत्र वाचून दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी मी दुकान उघडायला आले तर ताई पायरीवर बसलेली होती, केस नीट विंचरून, हातात नवे सहा फोटो, रात्रीच रस्त्यापलीकडच्या दुकानात काढून घेतलेले. म्हणाली, जागा निघाल्या की धावपळ नको. मी कुलूप काढलं, फोटो घेतले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले.